पडद्यामागचा डावखुरा

मुलांनो, आधी एक चादर डोळ्यांपुढं आणा. पांढऱ्या मांजरपाटाची, घराच्या भिंतीएवढी. ती दोन उंच वाशांमध्ये ताणून बांधा आणि बादलीनं पाणी मारून ओलीचिंब करा, म्हणजे उजेड तिच्यातून आरपार येईल. चादरीच्या पलीकडं पुरुष बसवा, बिड्या ओढणारे, खाकरणारे, एकमेकांच्या पागोट्याआडून माना काढणारे. त्यांच्या मागं सिनेमाचं यंत्र ठेवा. अलीकडं, चादरीच्या पाठीमागं, बायका आणि मुली बसवा. पुरुषांच्या नजरेआड बायकांची सोय व्हावी म्हणून तंबूवाल्यांनी काढलेली ही युक्ती होती, आणि वाशिमात तेव्हा ती कुणाला वेगळी वाटत नव्हती. आता तुम्हीही त्या मुलींमध्ये बसा. पाय जवळ घ्या, चादरीतून पाणी ठिबकतं आहे. यंत्र तुम्हाला दिसत नाही. ओल्या कापडाचा वास येतो, आणि मग एकदम त्या कापडात एक माणूस उभा राहतो; आपल्याकडचा नव्हे, पार समुद्रापलीकडचा. बारीक मिशी, गुडघ्यापर्यंत बूट, दात दाखवून हसणं. त्याच्याकडं नीट पाहून ठेवा. तलवार तो कोणत्या हातात धरतो, एवढं ध्यानात राहिलं तरी पुरे.

आवडाच्या ध्यानात होतं. म्हणून त्या सकाळी मळ्यात तिचा थोरला भाऊ नथ्थू मोट हाकता हाकता मधेच थांबला, बैलांचा कासरा खांद्यावर टाकून त्यानं मक्याचं एक धांडं उपसलं आणि धावेच्या उतारावरून उडी मारून सिनेमातला तो कसा लढतो ते करून दाखवू लागला, तेव्हा सांबाराच्या वाफ्यात बसलेल्या आवडाला काहीतरी खटकलं. (आपल्या भागात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.) ओळखीच्या घरात शिरावं आणि दार दुसऱ्याच भिंतीत असावं, तसं. नथ्थूच्या अंगात जोर होता, उडीही बरी होती, पण चित्र बसेना. मग तिला कळलं. धांडं त्याच्या उजव्या हातात होतं. ती म्हणाली, डाव्या हातात धर. नथ्थू दम खात हसला. ‘‘डाव्या कायले? उजव्याच हातात होती तलवार. मी म्होरं बसलो होतो.’’ तिनं पुन्हा सांगितलं, तो डाव्या हातानं लढतो, सगळ्या मुलींनी पाहिलंय. नथ्थू बैलांकडं वळला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘तुले साऱ्या दुनियेचे हात डावेच दिसतात काय वो?’’ मोट विहिरीत पडल्याचा आवाज आला, पाणी खोल कुठंतरी फुटलं. आवडाच्या डाव्या हातात विळा होता. तिनं तो मातीत टेकवला आणि हाताकडं पाहत राहिली.

हा हात तिचा होता आणि नव्हताही. लहानपणी आई त्याला फडक्यानं बांधून ठेवायची, जेवताना आणि पाहुणे आले म्हणजे. कधी बोटांना कडुनिंबाचा पाला चोळायची. आवडाला तो कडू वास अजून आठवत असे, आणि त्याबरोबर एक चमत्कारिक माया दाटून यायची, घरातल्या सगळ्यांनी रागावलेल्या भावंडाबद्दल वाटावी तशी. देवळात तिनं डावा हात पुढं केला की प्रसाद देणारा हात हवेतच थांबायचा. ती उजवा पुढं करीपर्यंत मागची माणसं वाट पाहत उभी राहायची, आणि तेवढ्या वेळात तिचे कान तापायचे. संध्याकाळी मळ्यात बायका ओळीनं बसून सांबाराच्या जुड्या बांधत. केळीच्या सोपटाचा पट्टा मुठीभोवती फिरवायचा, पीळ द्यायचा, टोक आत खोचायचं. आवडा मधे बसली की तिचं डावं कोपर शेजारणीच्या उजव्या कोपरावर आदळायचं, सांबार सांडायचा, बोलणी बसायची. म्हणून तिला ओळीच्या डाव्या टोकाला, कडेला बसवत. तिथं तिचा हात कुणाला लागत नसे. आणि तिथं बसून ती ज्या जुड्या बांधी, त्या बाजारात उकलायला दात लावावे लागत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एकटी अमिरुन्निसा, तिच्या मैत्रिणीची, सकीनाची, आई, बांगड्या भरायला यायची तेव्हा दोन्ही हात दाबून पाहायची आणि न विचारता डाव्यासाठी एक घेर मोठी बांगडी काढायची. तिच्या बोटांना जे कळे ते ती तोंडावर आणत नसे.

आणि मग तंबू आला. मुंबईकडं सिनेमा बोलायला लागला होता म्हणे, पण वाशिमपर्यंत तो आवाज आला नव्हता. आपल्याकडचा सिनेमा अजून मुका होता. पलीकडच्या बाजूला मदनसिंग नावाचा एक माणूस हातात पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते हिंदीत ओरडून सांगे. पहिल्याच रात्री आवडा आईच्या मागं बसली होती, डावा हात सवयीनं पदराखाली. तो माणूस जिन्यावर एकटा होता आणि खालून शिपाई चढत होते. त्यानं तलवार काढली. डाव्या हातानं. आवडाला वाटलं, आता कुणीतरी रागावेल. कुणी रागावलं नाही. तो लढला, हसला, झुंबराला लोंबकळून पलीकडं गेला, आणि शेवटी राजानं त्याच्याच डाव्या हातातून किल्ली घेतली; आणि ती गोरी बाई, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिनं आपला हात त्या डाव्या हातात दिला. पण देण्याआधी तो टोपी काढून वाकला होता आणि थांबला होता. तिनं होकार दिल्यावरच त्यानं हात धरला. अंधारात आवडानं आपला हात पदराखालून काढला आणि उघडा गुडघ्यावर ठेवला. चादरीतून उडालेला पाण्याचा एक थेंब त्याच्यावर पडला. तिनं तो पुसला नाही.

त्या दिवसांत आळीतल्या सगळ्या मुलींना काहीतरी झालं होतं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या त्याला नुसतं ‘तो’ म्हणत. आणि नवऱ्याला बायका जसं नाव न घेता बोलतात तसं हे पोरींचं चाललेलं पाहून आयांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांच्यातल्या बेबीची सोयरीक मेडशीला ठरली होती. पावसाळ्यात ओढा ओलांडताना नवरा मुलगा उडी न मारता सालगड्याच्या खांद्यावर बसला होता, हे तिला आता कुठून तरी कळलं, आणि ती दोन दिवस धड जेवली नाही. सकीनाला उडीचं काही नव्हतं. तिला वाकणारा पाहिजे होता. बापाच्या, भावांच्या, साऱ्या मोहल्ल्याच्या माना तिनं तपासल्या होत्या आणि एकही बाईसमोर वाकणारी निघाली नव्हती. आवडा मात्र माणसांचे हात पाहत फिरे. बाजारात तराजू धरणारे, पानाला चुना लावणारे, बैलाच्या पाठीवर थाप मारणारे. सगळे उजवे. नवरा कसा पाहिजे ते तिनं एकट्या सकीनाला सांगितलं होतं: डाव्या हातानं जेवणारा. सकीना हसून हसून आडवी झाली. मग उठून बसली आणि गंभीर होऊन म्हणाली, ‘‘मग जेवतानी तुमी दोघं जुळ्यावानी दिसान.’’

म्हणून नथ्थूचं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. संध्याकाळपर्यंत ती सबंध आळीत पसरली. सगळे पुरुष म्हणत, उजवा. सगळ्या बायका म्हणत, डावा. एकही बाई फुटेना आणि एकही बाप्या डळमळेना. बबनराव नावाचे एक गृहस्थ ओट्यावर बसून म्हणाले, बायकांना डावं-उजवं कळत नाही हे आजच कळलं असं नाही. त्यांची बायको आतून म्हणाली, रोज ताटात मीठ कोणत्या बाजूला वाढते ते पाहत जा. हसणं झालं. पण त्या हसण्यात आवडानं आपल्या आईकडं पाहिलं. गोजराबाई घागर डोक्यावर घेता घेता सहज बोलून गेली होती, ‘‘डावाच होता बाप्पा, मी पाह्यला.’’ आणि लगेच तिनं जीभ चावली होती. म्हणजे आईनंही पाहिलं होतं. अंधारात, आवडाच्या पुढं बसून, आईही त्या हाताकडंच पाहत होती. त्या वेळी आईच्या मनात काय होतं? विचारायची सोय नव्हती. आई घागर घेऊन पुढं चालू लागली आणि तिच्या डोक्यावर पाणी हिंदकळत राहिलं.

आवडाच्या मनातला कल्लोळ मात्र हसण्यावारी जाईना. कारण गुरुवारी जऊळक्याहून पाहुणे यायचे होते. मागच्या वर्षी किन्हीराजाची सोयरीक तुटली ती या हातापायी. वाढताना मीठ डाव्या हातानं गेलं, आणि पाहुण्यांनी ताटावरून उठून चुळा भरल्या. बापानं त्यानंतर बरेच दिवस आळीतल्या माणसांकडं पाहून बोलणं सोडलं होतं. या वेळी गोजराबाईनं ठरवलं होतं की पंजाला हळद लावून फडकं गुंडाळायचं आणि चटका बसला म्हणून सांगायचं. पण बागायतदार माळ्यांत पोरगी पाहायला आले की तिला सर्वांसमोर एक जुडी बांधायला लावायची चाल होती. पाहुणीनं ती देठाकडून धरून झटका द्यायचा. सोपट सुटलं तर पोरगी कच्ची. आवडा उजव्या हातानं बांधायला शिकत होती आणि तिची प्रत्येक जुडी आईच्या पहिल्याच झटक्याला सुटत होती. उजव्यानं बांधली तर कच्ची, डाव्यानं बांधली तर डावखुरी. या दोन भिंतींच्या मधे एकच झरोका होता, तो म्हणजे चादरीतला माणूस. एवढ्या मोठ्या जगात एक तरी माणूस या हातानं मोठा झाला होता. तो जर उजवा निघाला, तर आईचं फडकं खरं, कडुनिंब खरा, हवेत थांबलेला प्रसाद खरा. पायांखालची माती सरकल्यासारखं तिला वाटे. ती सांबार कापी, धुई, झटकी; पाण्याचे थेंब उडत आणि प्रत्येक थेंबात तिला तो जिना दिसे, आणि जिन्यावरच्या माणसाचा हात दिसायच्या आत थेंब फुटे.

तंबूचा मुक्काम हलायच्या आदल्या संध्याकाळी तोच खेळ पुन्हा होता. आवडा आईबरोबर बायकांच्या बाजूला बसली. सकीना अमिरुन्निसाच्या बुरख्याला टेकून बसली होती, तिनं नुसती भुवई उडवली. जिन्याचा प्रसंग जवळ आला तशी आवडा उठली. आईला वाटलं असेल, बाहेर जायचं असेल. तंबूची कनात आणि चादर यांच्यामधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. तिच्यातून ती सरकू लागली. यंत्राला वीज पुरवणाऱ्या इंजिनाची धडधड पायांतून वर येत होती. ओली चादर गालाला लागली, थंड. आणि तिथं, अगदी कडेला, वाशाला धरून ती थांबली, कारण तो नाहीसा झाला होता. कडेवरून पाहिलं तर चादरीत कुणीच नव्हतं. नुसती कापडाची एक धार, तिच्यावर थरथरणारा उजेड, खाली पाण्याचं थारोळं. इकडं बायकांचे चेहरे वर उचललेले, तिकडं पुरुषांचे, दोन्हींवर तोच चंदेरी उजेड, दोन्ही एकमेकांकडं तोंड करून बसलेले आणि एकमेकांना न दिसणारे. आणि ज्याच्यासाठी हे सगळे आले होते तो मधे कुठंच नव्हता. आवडाला भीती वाटली नाही. उलट पाटाचं दार उचलावं आणि वाफ्यात पाणी पसरत जावं तसं आत काहीतरी पसरत गेलं. धान्याच्या पोत्यावर शाईचा छाप मारतात, शाई आतपर्यंत उतरते. पोतं रिकामं करून उलटं केलं की तोच छाप आतून दिसतो, पण फिरलेला. तिनं शंभरदा पाहिलं होतं. मग ती एक पाऊल पुढं गेली आणि पुरुषांच्या बाजूला उभी राहिली. जिन्यावर तो होता. तलवार उजव्या हातात होती.

नथ्थू खरं बोलला होता. ते पाहायलाच ती आली होती, आणि आता पाहून झालं होतं. तिला वाटलं होतं रडू येईल. पण समोरचा माणूस तिला ओळखीचा वाटेना. तीच मिशी, तेच दात, तीच उडी. तरी हा कुणीतरी पुरुषांचा होता, बबनरावांचा, नथ्थूचा. तिचा जो होता तो तिच्या बाजूला बसल्यामुळं झाला होता. तो तिथं होता कारण ती तिथं होती. हे तिनं शब्दांत म्हटलं नाही. शब्द नंतर, पुष्कळ वर्षांनी सापडतात. तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं. डावं मनगट. अंधारात बिडीचं टोक लाल झालं आणि तिच्या उजेडात तिला बापाचा चेहरा दिसला. पुंजाजी कडेलाच बसला होता. पुरुषांत आलेल्या पोरीला पाहून आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या. पुंजाजी उठला आणि तिला धरून त्याच फटीतून परत न्यायला निघाला. कडेला आल्यावर त्यानं हळूच विचारलं, ‘‘काय पाहून राह्यली होतीस?’’

‘‘हात,’’ आवडा म्हणाली.

पुंजाजी तिला बायकांच्या बाजूला सोडून लगेच मागं फिरायचा. तेच रीतीला धरून झालं असतं. पण जिन्यावरची लढाई अजून संपली नव्हती, आणि त्याचं लक्ष सहज वर गेलं. तो थांबला. बिडी त्याच्या बोटांत तशीच राहिली. आवडा त्याच्याकडं पाहत होती. मळ्यात उभ्या जन्मात कधी न दिसलेली एक गोष्ट तिनं त्याच्या चेहऱ्यावर पाहिली. लहान मुलाला पहिल्यांदा आरसा दाखवावा तसा तो चेहरा झाला होता. ‘‘अरे,’’ तो स्वतःशीच म्हणाला, ‘‘इकून त डावाच हाये.’’ मग त्याला भान आलं. त्यानं तिचं मनगट सोडलं. पण सोडण्याआधी, जरासं, अमिरुन्निसा दाबते तसं, दाबलं. बायकांनी पदर पुढं ओढेपर्यंत तो फटीतून गेलाही होता.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं पाहुणे आले. मुलगा चंपत, त्याची आई प्रयागबाई आणि एक मामा. मामाचं नाव अमरसिंग होतं आणि ते त्याच्या नुसत्या मिशीलाच शोभत होतं. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली घोंगडी अंथरली होती. गोजराबाईनं पहाटेच आवडाच्या पंजाला हळद लावून फडकं गुंडाळलं होतं, आणि फडक्याचा काच आवडाला लहानपणीच्या सगळ्या जेवणांची आठवण करून देत होता. तिनं मान खाली ठेवून गुळाचं पाणी दिलं, उजव्या हातानं. नाव सांगितलं. मामानं विचारलं हाताला काय झालं. आई म्हणाली तव्याचा चटका. पुंजाजी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. आवडाला चंपतचे फक्त पाय दिसत होते, टाचेला भेगा असलेले, धुऊन आलेले. ती मनात त्यांच्यावर बूट चढवून पाहू लागली, गुडघ्यापर्यंत, आणि ते बसेनात. तिला हसू आलं आणि त्या हसण्यानं ती एकदम मोकळी झाली. गोजराबाई म्हणाली, पोरीचा हात असा, आज जुडी राहू द्या, तिनं काल बांधलेल्या दाखवते. प्रयागबाई हसून म्हणाली, ‘‘दाखवलेल्या जुड्या साऱ्याच पक्क्या राह्यतात बाई. डोळ्यांदेखत बांधू द्या.’’

सांबाराचा ढीग आवडापुढं आला. सोपटाचे पट्टे भिजवून ठेवलेले होते. ती बसली, समोर प्रयागबाई, तिच्या मागं चंपत आणि मामा. उजव्या हातानं तिनं एक मूठ उचलली आणि तिला समोरचे चेहरे दिसले, ओळीनं, आपल्याकडं तोंड करून बसलेले. तंबूच्या कडेवरून दिसले होते तसे. मधे चादर नव्हती, पण होती. ओल्या सांबाराचा वास आला, आणि त्याच्याखालून ओल्या कापडाचा. ती माणसं तिकडून पाहत होती. तिकडून ती त्यांना जशी दिसत होती तशी ती इकडून नव्हती. एवढीच तर गोष्ट होती. तिनं मूठ खाली ठेवली, दातांनी फडक्याची गाठ सोडली, आणि फडकं नीट घडी करून आईच्या बाजूला ठेवलं. डावा हात पिवळा होता, साधा होता, कुठं भाजलेला नव्हता. त्यानं पट्टा उचलला, मुठीभोवती फिरवला, पीळ दिला, टोक खोचलं. बांधताना तिला वाटलं की हे आपण करत नाही, हात करतो आहे, आणि आपण फक्त त्याला जाऊ देतो आहोत. जुडी तिनं पुढं केली.

प्रयागबाईनं ती घेतली नाही. ‘‘पोरगी डावखुरी हाये,’’ ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. मामानं मिशीवरून हात फिरवला आणि घोंगडीच्या कडेनं आपले जोडे शोधू लागला. विहिरीवरच्या चाकाला वारा लागून ते एकदा करकरलं. आता बाप पुन्हा बरेच दिवस कुणाच्या तोंडाकडं पाहणार नाही, असं आवडाच्या मनात आलं, आणि तिनं बापाकडं पाहिलं. पुंजाजीच्या हातातली काडी थांबली होती. तो तिच्याकडंच पाहत होता, आणि तो खाली पाहत नव्हता.

‘‘मावशी,’’ आवडा म्हणाली. पोरी अशा वेळी बोलत नसत, म्हणून सगळे थांबले. ‘‘तिकून तुमाले उलटं दिसते. इकडं येऊन बसा, मग पहा.’’

प्रयागबाई जागची हलली नाही. हलला तो चंपत. तो उठला, घोंगडीला वळसा घालून आवडाच्या कडेला आला, तिच्या डाव्या बाजूला, आणि तिथं टेकता टेकता थांबला. त्यानं तिच्या कोपराकडं पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. आणि तिच्या मागून फिरून उजव्या बाजूला जाऊन बसला, जिथं त्याचं कोपर तिच्या कोपराला कधीच लागलं नसतं. आवडा पंधरा वर्षांची होती आणि आजवर तिला सगळ्यांनी टोकाला बसवलं होतं. आपण कुठं बसलो म्हणजे तिला अडचण होणार नाही, हे कुणी पाहिलं नव्हतं. तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मिशी धड उगवलेली नव्हती. एक दात पुढं आलेला. हा झुंबराला लोंबकळणार नाही, हे उघड होतं. बहुतेक कुंपणावरूनही नीट उडी मारणार नाही. तो उजव्या हातानं जेवणारा होता. आणि तरीही जिन्यावरचा तो जिथून तिला दिसला होता, तिथंच हा आता येऊन बसला होता, आणि तिथून पाहत होता. चंपतनं तिची जुडी घेतली, देठाकडून धरली आणि जोरानं झटकली. दोनदा. सोपट जागचं हललं नाही. ‘‘माय,’’ तो समोर पाहून म्हणाला, ‘‘इकून बरोबर दिसते वो.’’ प्रयागबाईनं पायांवर ओढून घेतलेला पदर सैल सोडला, आणि मामाचे जोडे सापडूनही त्यानं घातले नाहीत. मग चंपतनं आपण होऊन सांबाराची एक मूठ उचलली, पट्टा फिरवला आणि जऊळक्याच्या पद्धतीनं एक जुडी बांधून दोघांच्या मधे ठेवली, जरा ऐटीतच.

आणि आवडानं काय केलं? तिनं ती जुडी उचलली. पाहुणीनं धरावी तशी देठाकडून धरली आणि सगळ्यांदेखत एक झटका दिला. सोपट सुटून खाली पडलं. आवडा हसली, दात दाखवून, त्या समुद्रापलीकडच्या माणसासारखी. आणि डाव्या हातानं ती जुडी पुन्हा, पक्की, बांधून तिनं चंपतच्या हातात दिली.